इराणी भाषासमूह

इराणी भाषासमूह हा इंडो-युरोपीय भाषाकुळाच्या इंडो-इराणी शाखेतील एक प्रमुख गट होय. संस्कृत, मराठी आदी इंडो-आर्य भाषा याच शाखेत मोडतात. फारसीची प्रचलित लिपी अरबीवरून आलेली असल्यामुळे ती अरबीच्या कुळातील असावी, असा गैरसमज आढळतो. वस्तुतः अरबी ही सेमिटिक कुळातील असून फारसी मराठीची दूरची आप्त आहे.

ध्वनिवैशिष्ट्ये

इराणी भाषांत स्वरापूर्वीच्या मूळ 'स'चा 'ह' झाला. संस्कृत 'सप्त' व 'सोम' यांची अवेस्ता भाषेतील रूपे 'हप्त' व 'हओम' अशी आहेत. महाप्राण व्यंजनेही लोपली, उदा. 'भ्रातृ' – 'ब्रातर'.

कालखंड

* प्राचीन : अवेस्ता व जुनी फारसी. पहिल्या दारियुशचा बेहिस्तून शिलालेख (इ.स.पू. सुमारे ५२०) जुन्या फारसीचा महत्त्वाचा पुरावा आहे.
* मध्य : पहलवी, पार्थियन, सोग्दी, खोतानी शक, बॅक्ट्रियन.
* आधुनिक : फारसी, कुर्दी, पश्तो, बलुची इत्यादी.

वर्गीकरण

आधुनिक भाषांचे पुढीलप्रमाणे गट पाडले जातात.

* नैर्ऋत्य : फारसी, दरी, ताजिक, लुरी.
* वायव्य : कुर्दी, बलुची, गिलकी, माझंदरानी.
* पूर्व : पश्तो, ओसेटिक, याघ्नोबी, पामिरी भाषा.

ही नावे आजच्या भूगोलावरून समजून घेऊ नयेत. ओसेटिक भाषा दूर पश्चिमेस कॉकेशस प्रदेशात बोलली जाते, तरी ती पूर्व गटात येते. बलुची आग्नेयेस असूनही वायव्य गटात गणली जाते. वर्गीकरणाचा मुख्य आधार ध्वनिपरिवर्तन हा आहे. 'जाणणे' या अर्थी कुर्दीत 'झानीन', तर फारसीत 'दानिस्तन' असे रूप आहे. मराठीतील 'कदरदान' शब्दातील 'दान' म्हणजे 'जाणणारा'. तो आपल्या 'जाण'चाच सगोत्र होय.

महाराष्ट्राशी संबंध

बहमनी राजवटीपासून फारसी राज्यकारभारात रुळली. 'जमीन', 'दरबार', 'कागद' यांसारखे शब्द मराठीत स्थिरावले. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने रघुनाथपंत हणमंते यांनी 'राज्यव्यवहारकोश' सिद्ध करून फारसी-अरबी संज्ञांना संस्कृत पर्याय दिले. माधवराव पटवर्धन (माधव ज्युलियन) यांचा 'फारसी-मराठी कोश' १९२५ साली प्रसिद्ध झाला.

पारशी समाजाची घरची भाषा गुजराती असली, तरी प्रार्थना अवेस्ता भाषेत होतात. मुंबई-पुण्यात स्थायिक झालेल्या इराणी झरथुष्ट्री कुटुंबांसोबत वायव्य गटातील झरथुष्ट्री दरी ही बोलीही येथे आली. मुंबईतील के. आर. कामा ओरिएंटल इन्स्टिट्यूट (स्थापना १९१६) हे या विषयाच्या अभ्यासाचे केंद्र आहे.