लुवियन ‘मल्हस्स’ आणि विधीचा धनी

कोलकात्यातील फोर्ट विल्यम (आता ‘विजय दुर्ग’) येथील सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश सर विल्यम जोन्स यांनी १७८६ साली संस्कृत, ग्रीक व लॅटिन यांचा उगम एकच असावा, असे प्रतिपादन केले. या भाषाकुळात प्राचीन अनातोलियातील, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील, हित्ती व लुवियन भाषांची भर पडली ती मात्र विसाव्या शतकात.

हत्तुशा येथे सापडलेल्या मातीच्या पाट्यांवर लुवियन ‘मल्हस्स’ हा शब्द आढळतो. त्याचा अर्थ धार्मिक विधी. पठण करणे, नवस बोलणे या अर्थाच्या हित्ती ‘माल्द’ धातूशी अभ्यासक त्याचे नाते जोडतात. लिथुआनियन भाषेत ‘माल्दा’ म्हणजे प्रार्थना. हा विधी मुळात उच्चाराचा दिसतो.

ज्याच्यासाठी विधी करावयाचा, त्याला या पाट्यांवर ‘विधीचा स्वामी’ म्हटले आहे. मंत्र म्हणणारा निराळा. आपला ‘यजमान’ हाच. धातू अर्थातच वेगळा, ‘यज्’. पण रूप आत्मनेपदी असल्याने यज्ञाचे फळ ज्याचे त्यालाच, ऋत्विजांना दक्षिणा. मराठीत हा यजमान पुढे पाहुण्यांचे आतिथ्य करणारा झाला, आणि घरधनीही.