चौदा नंबरचा पंप

मंडळी, फोनवर "मी बोलतोय" एवढं म्हटलं तरी आपल्याला पुरतं. आवाजावरून माणूस कळतो. यंत्राला मात्र आवाज ओळखता येत नाही. समोरच्याने जो नंबर सांगितला तोच खरा! या भाबडेपणाची किंमत काय असते, ते सन २००० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका गटारयंत्रणेने दाखवून दिलं.

क्वीन्सलँडच्या किनाऱ्यावर मरूची शायर नावाचा भाग होता. तिथे सांडपाणी उपसणारी १४२ पंपघरं होती. प्रत्येक पंपघरातला छोटा कंट्रोलर रेडिओवरून मुख्य केंद्राशी बोलायचा. पंप बंद पडला, की अलार्म पाठवायचा. केंद्राकडून येणाऱ्या आज्ञाही रेडिओवरूनच यायच्या.

त्या फेब्रुवारीपासून विचित्र प्रकार सुरू झाले. पंप मधेच बंद पडायचे, अलार्म यायचेच नाहीत. यंत्रणा नवी, तेव्हा बिघाडच असणार असं सगळ्यांना वाटलं. सॉफ्टवेअर पुन्हा घालून झालं, तरी फरक नाही. शेवटी एका इंजिनिअरने रेडिओवरचे संदेश नोंदवायला सुरुवात केली. गडबडीचे संदेश चौदा नंबरच्या पंपघरातून येत होते. तो तिथे स्वतः गेला, तर पंप ठणठणीत! मग त्याने एक साधी युक्ती केली. त्या पंपघराचा नंबर बदलून तीन केला. आता 'मी चौदा' म्हणणारा जो कोणी असेल तो तोतयाच.

आणि 'चौदा' बोलत राहिला...

२३ एप्रिलला व्हिटेक बोडेन पकडला गेला. गाडीत लॅपटॉप, रेडिओ संच आणि पंपघरात असतो तसलाच कंट्रोलर. ही यंत्रणा बसवणाऱ्या कंपनीत तो पूर्वी कामाला होता. नंतर स्थानिक कौन्सिलकडे त्याने नोकरी मागितली होती, ती मिळाली नव्हती. तोवर सुमारे ८ लाख लिटर मैला बागांत, नद्यांत आणि एका हॉटेलच्या आवारात गेला होता. ओढ्याचं पाणी काळं पडलं, जलचर मेले. २००१ मध्ये त्याला दोन वर्षांची शिक्षा झाली.

बोडेन दोषी होताच. पण नंबर बरोबर असला की आज्ञा मानायची, हे यंत्रणेला शिकवलं कोणी?

त्या काळी एक सबब नेहमी ऐकू यायची. सेन्सर बिचारे इवलेसे, बॅटरीवर चालणारे, त्यांना सुरक्षेचा भार कसा पेलणार? २००४ मध्ये बर्कलीच्या संशोधकांनी 'टायनीसेक'मधून याचं उत्तर दिलं. प्रत्येक संदेशावर फक्त ४ बाइटांची गुप्त मोहोर उमटवायची. किल्ली नसेल त्याला ती उमटवता येत नाही. आणि जादा ऊर्जा लागते ती १० टक्क्यांहून कमी!

म्हणजे सबब संपली होती. तरी २०१६ मध्ये 'मिराई'ने जगभरातले लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतलेच. कसे? कारखान्यातून आलेले पासवर्ड कोणी बदललेच नव्हते, म्हणून.

मला या सगळ्या कथेत तो इंजिनिअर जास्त आवडतो. पडद्यावर 'चौदा' दिसत असताना तो उठून चौदा नंबरच्या पंपघरात गेला. सुरक्षेचं संशोधन म्हणजे शेवटी असा प्रामाणिक संशयच नाही का? घरातल्या कॅमेऱ्याचा पासवर्ड अजून बदलला नसेल, तर मंडळी, आजच बदला.