‘कमी धोक्याचं’ धरण म्हणजे मजबूत धरण नव्हे! वर्गवारीचा अर्थ समजून घ्या

एखादं जुनं धरण ‘कमी धोक्याचं’ आहे असं ऐकलं की ते पक्कं असेल असं वाटतं. पण अमेरिकेत धरणांची जी धोका-वर्गवारी करतात, ती धरणाच्या मजबुतीवर नसते. धरण फुटलं तर खालच्या बाजूला काय होईल, यावर ती ठरते.

तीन वर्ग

- कमी धोका : जीवितहानीची शक्यता नाही, नुकसान मुख्यतः मालकाच्याच जागेपुरतं.
- मध्यम धोका : जीवितहानीची शक्यता नाही, पण रस्ते, पूल, वीज, पाणीपुरवठा यांचं नुकसान होऊ शकतं.
- जास्त धोका : एका माणसाचाही जीव जाण्याची शक्यता असेल तरी धरण या वर्गात येतं.

म्हणजे तडे गेलेलं धरण ओसाड रानात असेल तर ‘कमी धोक्याचं’, आणि ठणठणीत धरण गावाच्या डोक्यावर असेल तर ‘जास्त धोक्याचं’. खाली नवी घरं झाली की धरण तेच राहतं, पण वर्ग बदलावा लागतो.

टोकोआची घटना

धरण छोटं आणि जुनं असलं तरी काय होऊ शकतं, हे अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात दिसलं. टोकोआ गावाजवळच्या केली बार्न्स धरणाची सुरुवात १८९९ च्या सुमारास वीजनिर्मितीसाठी झाली. नंतर त्यावर मातीचा भराव टाकून उंची वाढवली. १९५७ मध्ये वीजनिर्मिती थांबली, तलाव मात्र तसाच राहिला. खाली कॉलेज आणि वस्ती होती. ६ नोव्हेंबर १९७७ च्या मध्यरात्रीनंतर, मोठ्या पावसात, लोक झोपेत असताना धरण फुटलं. ३९ जण गेले. धरणाची उंची फक्त १२-१३ मीटर होती. त्यानंतरच राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी देशभरातल्या धोक्याच्या धरणांची तपासणी सुरू करायला लावली.

आपल्याकडे काय?

आपल्या राज्यानेही हे भोगलंय. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं आणि भेंदवाडीतली घरं माणसांसकट वाहून गेली.

धरण सुरक्षा कायदा २०२१ नुसार १५ मीटरपेक्षा उंच धरणं कायद्याखाली येतात. १० ते १५ मीटर उंचीची धरणंही येतात, पण त्यांना काही अटी आहेत, उदा. साठा किमान १० लाख घनमीटर. अशा धरणांची पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी करणं, तसंच आपत्कालीन कृती आराखडा बनवणं ही मालकाची जबाबदारी आहे.

तपासणीत सापडलेल्या त्रुटींचेही वर्ग असतात. वर्ग १ म्हणजे धरण फुटू शकेल अशी त्रुटी, वर्ग २ म्हणजे मोठी त्रुटी, तातडीने दुरुस्ती हवी, वर्ग ३ म्हणजे किरकोळ. इथे मात्र आकडा जितका लहान, तितका धोका मोठा.

गावाने काय पाहावं?

- भरावाच्या पायथ्याशी नवी ओल, किंवा पाझराचं पाणी गढूळ येणं. गढूळ म्हणजे आतली माती वाहतेय.
- भरावावर तडे, खचलेली जागा, मोठी झाडं, उंदीर-घुशींची बिळं.
- सांडव्यात अडकलेला गाळ, झुडपं किंवा केलेलं अतिक्रमण.

असं काही दिसलं तर फोटो काढून जलसंपदा विभागाच्या शाखा कार्यालयाला लेखी कळवा आणि पोच घ्या. पाणी वाढत असेल तर कागदाची वाट पाहू नका. आधी वस्ती हलवा, मग ११२ किंवा जिल्हा आपत्ती कक्षाच्या १०७७ वर फोन करा.

ग्रामसभेत दोनच प्रश्न विचारा : आपल्या धरणाच्या शेवटच्या तपासणीत कोणत्या वर्गाची त्रुटी निघाली? आणि धरण फुटलं तर पाणी कुठवर येईल, हा नकाशा कुणाकडे आहे?