फितीचे तुकडे आणि अठरा मिनिटांची सलगता

‘येस’ या ब्रिटिश बँडची ‘क्लोज टू द एज’ ही ध्वनिमुद्रिका सप्टेंबर १९७२ मध्ये आली. तिच्या पहिल्या बाजूवर एकच रचना आहे. साडेअठरा मिनिटांहून लांब, चार भागांची. गायक जॉन अँडरसनच्या शब्दांमागे हेरमान हेसेच्या ‘सिद्धार्थ’ कादंबरीचे संस्कार आहेत. आरंभी पाण्याची खळखळ आणि पक्ष्यांची किलबिल, मग एकाएकी कोसळणारी स्टीव्ह हाउची गिटार आणि मध्येच सगळ्यांना थांबवणारा आकार. पाच जणांनी हे एका दमात वाजवले असावे, असेच ऐकणाऱ्याला वाटते.

प्रत्यक्षात लंडनच्या अ‍ॅडव्हिजन स्टुडिओत ही रचना थोडी थोडी करून घडली. एक तुकडा बसवायचा, मुद्रित करायचा, मग पुढचा शोधायचा. ध्वनिमुद्रक एडी ऑफर्डने फीत कापून हे तुकडे सांधले. तिसऱ्या भागात रिक वेकमनने वाजवलेला ऑर्गन तर सेंट जाइल्स चर्चमधला आहे.

मग हे कौशल्य वादकांचे की ब्लेडचे? प्रश्न रास्त आहे. उत्तरासाठी प्रथम वादनाकडेच कान द्यावा लागतो. क्रिस स्क्वायरचा बेस गिटारच्या मागे दडत नाही. तो स्वतःची चाल घेऊन पुढे येतो. बिल ब्रुफर्ड ड्रम्सवर अपेक्षित जागा चुकवून आघात देतो आणि तिसऱ्या भागात जवळजवळ गप्प राहतो. हात इतका तयार असताना थांबता येणे सोपे नाही. अशा जागा ब्लेडने निर्माण होत नाहीत.

दुसरे उत्तर इतिहासाने दिले. या संथ, तुकड्यातुकड्यांच्या कामाला कंटाळलेला ब्रुफर्ड मुद्रण संपताच ‘किंग क्रिम्सन’मध्ये गेला. दौरा तोंडावर होता. नव्या अ‍ॅलन व्हाइटला तयारीसाठी जेमतेम तीन दिवस मिळाले. तरीही १९७३ च्या ‘येससाँग्ज’ या तीन तबकड्यांच्या संचात हीच रचना प्रेक्षकांसमोर, व्हाइटच्या साथीने, सलग वाजलेली ऐकू येते. स्टुडिओतले सांधे तिथे वादकांनी हाताने पार केले आहेत.

दोन्ही मुद्रणे एकापाठोपाठ ऐकावीत. चर्चचा ऑर्गन जिथे विरतो आणि सारा बँड परततो, तिथे थोडे थांबावे. पहिल्या मुद्रणात त्या जागी ऑफर्डची नजर आहे. दुसऱ्यात पाच माणसांची एकमेकांवरची भिस्त.