उपवासकाळातील ओवी

राखेच्या बुधवारापासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत, मधले रविवार वगळून, ख्रिस्ती लोकांचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ असतो. अन्नाचा संयम हे त्याचे बाह्यांग. येशूच्या दुःखसहनाच्या कथेचे मनन हे अंतरंग. शास्त्र नुसते वाचावयाचे नाही, ते प्रार्थनेत मुरवावयाचे. पण ज्याला शास्त्राची भाषाच उमगत नाही, त्याने मनन कशाचे करावे?

सोळाव्या शतकाच्या अखेरीस गोव्याच्या सासष्टी महालात हा प्रश्न प्रत्यक्षच उभा होता. मिस्सा लॅटिनमध्ये, शास्त्रही लॅटिनमध्ये, आणि त्रेंतच्या धर्मसभेने १५४६ साली तीच प्रत प्रमाण ठरविलेली. नवख्रिस्ती लोकांची जुनी पुराणे तर सत्तेने हिरावून घेतली होती. देव बदलला, पण संध्याकाळी चार माणसांनी बसून पोथी ऐकण्याची सवय कोठे जाणार?

१५७९ साली गोव्यास आलेल्या थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइट पाद्र्याने ती भूक ओळखली. उर्वरित चाळीस वर्षांचे आयुष्य त्याने बहुतांशी सासष्टीतच घालविले, आणि १६१६ साली राचोल येथे आपले ‘क्रिस्तपुराण’ रोमन लिपीत छापविले. ओव्या सुमारे अकरा हजार. पहिल्या पुराणात जुन्या कराराची कथा, दुसऱ्यात येशूचे चरित्र. हे बायबलचे भाषांतर नव्हे, कथन आहे. स्वर्गाला तो ‘वैकुंठ’ म्हणतो, आणि ऐकणाऱ्याला ते परके वाटत नाही.

जेझुइटांच्या साधनेत शास्त्रातील प्रसंग डोळ्यांपुढे उभा करावा, स्थळ पाहावे, बोलणे ऐकावे, आपण तेथे हजर आहोत असे मानावे, अशी शिस्त आहे. संस्थापक इग्नेशियसच्या ‘आध्यात्मिक साधने’तील तिसरा आठवडा सर्वस्वी दुःखसहनाच्या चिंतनासाठी आहे. या साधनेला आपल्या ओवीइतके सोयीचे वाहन दुसरे मिळाले नसते, असे माझे मत आहे. ओवी घाईने म्हणता येत नाही. चौथ्या चरणाशी ती श्रोत्याला क्षणभर थांबवितेच. रविवारी आणि सणावारी मिस्सेनंतर हे पुराण देवळात वाचले जाई. आपल्या शाळांनी मात्र या कवीच्या मराठी-स्तुतीच्या तेवढ्या चार ओव्या पाठ करविल्या. त्याने सांगितलेली क्रुसाची कथा किती मराठी वाचकांनी उघडून पाहिली असेल?

पुढे २७ जून १६८४ रोजी व्हाइसरॉय कोंदे द आल्व्होर याने हुकूम काढला: तीन वर्षांत लोकांनी देशभाषा सोडून पोर्तुगीज बोलावी, पाद्र्यांनीही त्याच भाषेत शिकवावे. म्हणजे ज्या बोलीत माणूस देवाजवळ रडत होता, तीच सोडावी! हुकूम पुरता अमलात आला नाही, हे उघड आहे. पण देशभाषेतील ग्रंथांना राजाश्रय उरला नाही. पुराणाच्या १६१६, १६४९ आणि १६५४ या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. छापील ग्रंथ संपले. हाताने उतरविलेल्या वह्या टिकल्या.

त्या वह्या गोव्याबाहेरही गेल्या. तेथून कानडी मुलखात जाऊन वसलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी त्या मंगळूरकडे जपल्या. १७८४ साली टिपू सुलतानाने त्या लोकांना कैद करून श्रीरंगपट्टणास नेले; १७९९ पर्यंतच्या त्या बंदिवासात या पुराणाचा आधार वाटला, असे तिकडची परंपरा सांगते. परमुलखात दिवस काढणाऱ्या आपल्यासारख्यांना हे निराळे समजावून सांगावयास नको. मराठीतला नवा करार छापून निघाला तो १८११ साली, आणि तोही दूर बंगालात, श्रीरामपुरास. तोवर या लोकांचे हाती लागण्याजोगे शास्त्र म्हणजे हीच पोथी.

मंगळूरच्या जे. एल. साल्ढाणा यांनी अशा हस्तलिखितांवरून १९०७ साली तेथेच पुराण पुन्हा छापले, रोमन लिपीतच. काही देवळांत ते १९३० च्या सुमारापर्यंत विशेष प्रसंगी गायिले जाई. देवनागरीत ते शांताराम बंडेलू यांनी पुण्यास १९५६ साली प्रसिद्ध केले.