अमेरिकी मतदाराच्या मताचे वजन

दर चार वर्षांनी नोव्हेंबर महिन्यात अमेरिकेच्या अध्यक्षपदाची निवडणूक होते आणि तिच्या निकालाकडे साऱ्या जगाचे डोळे लागतात. मुंबईचा शेअर बाजार, पुण्यातील सॉफ्टवेअर कंपन्या, मुलांच्या व्हिसाची वाट पाहणारी कुटुंबे अशा साऱ्यांनाच त्या निकालाची उत्सुकता असते. या गदारोळात उमेदवारांची चर्चा पुष्कळ होते. परंतु ज्याच्या नावाने हा सारा खटाटोप चालतो, त्या सामान्य मतदाराच्या हाती नेमके काय असते, हा प्रश्न मागेच राहतो. 'माझ्या एका मताने काय होणार?' असे आपल्याकडील मतदारही म्हणतो. अमेरिकी मतदार ते म्हणतो, तेव्हा त्यामागे केवळ आळस किंवा उदासीनता नसते. त्याच्या देशाच्या राज्यघटनेनेच या शंकेला जागा करून ठेवली आहे.

मत एकाला, निवड दुसऱ्यांकडून

अमेरिकी मतदार आपला अध्यक्ष थेट निवडत नाही. मतपत्रिकेवर उमेदवाराचे नाव असले, तरी कायद्याच्या दृष्टीने ते मत राज्यातील निर्वाचकांना दिलेले असते. सर्व राज्यांच्या निर्वाचकांचे मिळून 'इलेक्टोरल कॉलेज' म्हणजेच निर्वाचक मंडळ होते आणि ते अध्यक्षाची निवड करते. राज्याचे प्रतिनिधिगृहात जितके सदस्य आणि सिनेटमध्ये जे दोन, त्यांच्या बेरजेइतके त्या राज्याचे निर्वाचक. प्रतिनिधिगृहाचे ४३५, सिनेटचे १०० आणि १९६१ च्या २३ व्या घटनादुरुस्तीने राजधानी वॉशिंग्टनला मिळालेले ३ असे एकूण ५३८ निर्वाचक होतात. विजयासाठी किमान २७० आवश्यक असतात. मेन आणि नेब्रास्का या दोन राज्यांचा अपवाद वगळता, राज्यात ज्याला सर्वाधिक मते त्याला त्या राज्याचे सर्व निर्वाचक, असा नियम आहे.

ही व्यवस्था १७८७ साली फिलाडेल्फिया येथे भरलेल्या घटना परिषदेत ठरली. अध्यक्ष काँग्रेसने निवडावा की जनतेने, यावर तेथे एकमत होत नव्हते. लहान राज्यांना मोठ्या राज्यांची धास्ती होती. दक्षिणेकडील राज्यांचा हिशेब आणखी वेगळा होता. तेथील गुलामांना मताधिकार नव्हता. तथापि प्रतिनिधिगृहातील जागा ठरविताना पाच गुलाम म्हणजे तीन माणसे असे गणित मान्य झाले होते. अध्यक्षाची निवड थेट मतदानाने झाली असती, तर दक्षिणेला या लोकसंख्येचा काहीच लाभ झाला नसता. निर्वाचकांच्या पद्धतीत तो झाला. १८६५ मध्ये गुलामगिरी संपली, निर्वाचकांची पद्धत मात्र राहिली.

फ्लॉरिडातील ५३७ मते

या पद्धतीचा अर्थ सामान्य अमेरिकी नागरिकाला खऱ्या अर्थाने उमगला तो २००० साली. ७ नोव्हेंबरच्या मतदानात डेमोक्रॅटिक पक्षाचे अल गोर यांना देशभरात रिपब्लिकन पक्षाचे जॉर्ज बुश यांच्यापेक्षा पाच लाखांहून अधिक मते जास्त मिळाली. परंतु फ्लॉरिडाच्या २५ निर्वाचकांवर सारे अडले. तेथे सुमारे ६० लाख मते पडली होती आणि दोघांतील अंतर नगण्य होते. पाम बीच काउंटीतील मतपत्रिकेवर समोरासमोरच्या दोन पानांवर उमेदवारांची नावे आणि मधोमध छिद्रांची एकच रांग होती. या 'फुलपाखरू' मतपत्रिकेमुळे आपले मत भलत्याच उमेदवाराला गेले, अशी तक्रार अनेक मतदारांनी केली. इतर काही ठिकाणी पंच कार्डाला पूर्ण भोक पडले की अर्धवट, हे पाहण्यासाठी कर्मचारी एकेक कार्ड उजेडासमोर धरून न्याहाळत होते.

१२ डिसेंबर रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा बहुमताने फेरमोजणीचा मार्ग बंद केला. बुश फ्लॉरिडात ५३७ मतांनी विजयी ठरले आणि २७१ विरुद्ध २६६ निर्वाचकांच्या बळावर अध्यक्ष झाले. ५३७ माणसे म्हणजे आपल्याकडील एखाद्या मोठ्या गृहनिर्माण संकुलातील मतदार. याच निकालपत्रात न्यायालयाने आणखी एक गोष्ट नमूद केली. अध्यक्षाचे निर्वाचक निवडण्याचा अधिकार नागरिकाला राज्यघटनेने थेट दिलेला नसून राज्याचे विधिमंडळ तो देते, म्हणून तो त्याला आहे. दोनशे वर्षे मतदान करीत आलेल्या देशातील अनेकांना ही गोष्ट प्रथमच कळली.

२०१६ मध्ये हेच पुन्हा घडले. हिलरी क्लिंटन यांना देशभरात २८ लाखांहून अधिक मते जास्त मिळाली. परंतु मिशिगन, विस्कॉन्सिन आणि पेनसिल्व्हेनिया या तीन राज्यांत मिळून सुमारे ७८ हजार मतांच्या आघाडीने डोनाल्ड ट्रम्प अध्यक्ष झाले. २०२० मध्ये जो बायडेन यांची देशव्यापी आघाडी सुमारे ७० लाखांची होती. तरीही ॲरिझोना, जॉर्जिया आणि विस्कॉन्सिन येथील त्यांची एकत्रित आघाडी जेमतेम ४३ हजार मतांची होती. ती नसती, तर त्यांना निर्वाचकांचे बहुमत मिळाले नसते. २०२४ मध्ये ट्रम्प यांनी ३१२ निर्वाचकांसह देशव्यापी मतांतही आघाडी मिळविली.

पत्ता बदलला की किंमत बदलते

२०२० च्या जनगणनेनुसार वायोमिंग राज्याची लोकसंख्या पावणेसहा लाखांच्या आसपास आणि कॅलिफोर्नियाची सुमारे ३ कोटी ९५ लाख. वायोमिंगला ३ निर्वाचक आहेत, कॅलिफोर्नियाला ५४. म्हणजे वायोमिंगमध्ये सुमारे १ लाख ९२ हजार लोकांमागे एक निर्वाचक, तर कॅलिफोर्नियात सुमारे ७ लाख ३२ हजार लोकांमागे एक. सिनेटमधील दरी त्याहूनही मोठी आहे. तेथे दोन्ही राज्यांना प्रत्येकी दोनच जागा.

परंतु मतदाराला अधिक बोचते ती दुसरीच गोष्ट. २०२० मध्ये ट्रम्प यांना सर्वाधिक मते देणारे राज्य रिपब्लिकनांचा बालेकिल्ला असलेले टेक्सास नव्हते, तर कॅलिफोर्निया होते. तेथील ६० लाखांहून अधिक मतदारांनी त्यांना मत दिले. त्यातून एकही निर्वाचक मिळाला नाही. टेक्सासमध्ये बायडेन यांना मत देणाऱ्या ५२ लाखांहून अधिक लोकांच्या पदरीही तेच पडले. दोन्ही पक्षांच्या अशा मतदारांना निकाल आधीच ठाऊक असतो. उमेदवार त्यांच्या शहरात येतात ते बहुधा देणग्या गोळा करण्यासाठी. हात जोडण्यासाठी जातात ते पेनसिल्व्हेनियात किंवा विस्कॉन्सिनमध्ये.

मंगळवारची रांग

मतदानाचा दिवस हाही एक प्रश्नच आहे. नोव्हेंबरमधील पहिल्या सोमवारनंतरचा मंगळवार हा दिवस १८४५ च्या कायद्याने ठरला. त्या काळी बहुसंख्य मतदार शेतकरी होते. रविवारी प्रार्थना, सोमवारी घोडागाडीने काउंटीच्या गावापर्यंत प्रवास आणि मंगळवारी मतदान, असा तो हिशेब. आज शेतकरी थोडे उरले, मंगळवार मात्र कायम आहे. देशभर त्या दिवशी सुट्टी नसते. तासाच्या मजुरीवर काम करणाऱ्याला मतदानासाठी वेळ काढणे म्हणजे अनेकदा पदरची मजुरी घालविणे. टपालाने किंवा आधीच मत देण्याची सोय अनेक राज्यांत झाली आहे. परंतु तिचे नियम राज्याराज्यांत वेगळे आहेत.

आपल्याकडे मतदारयादी करणे आणि निवडणूक घेणे ही निवडणूक आयोगाची जबाबदारी असते. अमेरिकेत असा सर्वाधिकारी राष्ट्रीय आयोग नाही. तेथील फेडरल इलेक्शन कमिशन केवळ निवडणूक निधीवर लक्ष ठेवते. मतदान घेण्याचे काम राज्ये आणि काउंट्यांकडे असते आणि बहुतेक ठिकाणी नाव नोंदविण्याची जबाबदारी मतदाराचीच असते. या नोंदणीला कटू इतिहास आहे. १८७० च्या १५ व्या घटनादुरुस्तीने वर्णावरून मताधिकार नाकारण्यास बंदी घातली. तरीही दक्षिणेत साक्षरता परीक्षा आणि मतदान कर यांच्या आडून कृष्णवर्णीयांना जवळजवळ शतकभर मतदानापासून दूर ठेवण्यात आले. १९६५ च्या मताधिकार कायद्यानंतर हे चित्र पालटले. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच कायद्यातील एक महत्त्वाची तरतूद निष्प्रभ केली आणि वाद पुन्हा सुरू झाला.

मतपत्रिकेचा खालचा भाग

येथवर वाचून अमेरिकी मतदार हताश झाला तर नवल नाही, असे वाटेल. परंतु ही सारी अध्यक्षपदाची, म्हणजे मतपत्रिकेवरील पहिल्या ओळीची कथा झाली. अमेरिकेची मतपत्रिका लांबलचक असते. सिनेटर, प्रतिनिधिगृहाचा सदस्य, राज्याचा गव्हर्नर, विधिमंडळ सदस्य, काउंटीचा शेरीफ, अनेक राज्यांत न्यायाधीश आणि शाळा मंडळाचे सदस्यही तीतून निवडले जातात. काही राज्यांत कायद्याचे प्रस्तावच थेट मतदारांपुढे ठेवले जातात. १९७८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी 'प्रपोझिशन १३' मंजूर करून मालमत्ता कराला लगाम घातला. त्याचे परिणाम तेथील शाळा आणि नगरपालिका आजही अनुभवत आहेत.

या खालच्या ओळींवर एकेका मताची किंमत काय असते, याचे उदाहरण व्हर्जिनिया राज्याने घालून दिले. २०१७ मध्ये तेथील विधिमंडळाच्या ९४ व्या मतदारसंघात दोन्ही उमेदवारांना प्रत्येकी ११,६०८ मते मिळाली. अखेर ४ जानेवारी २०१८ रोजी वाडग्यातून चिठ्ठी काढण्यात आली. रिपब्लिकन उमेदवाराचे नाव निघाले आणि शंभर सदस्यांच्या सभागृहात त्या पक्षाचे ५१ विरुद्ध ४९ असे बहुमत टिकले. त्या मतदारसंघात घरी बसलेला कोणीही एक मतदार केंद्रावर गेला असता, तर चिठ्ठी काढावी लागली नसती.

पक्षांतर्गत उमेदवार ठरविणारी प्रायमरी ही अशीच दुर्लक्षित निवडणूक आहे. बेळगावात वाढलेले मराठी भाषक श्री ठाणेदार २०२२ मध्ये मिशिगनमधील डेट्रॉइट परिसरातून प्रतिनिधिगृहावर निवडून गेले. तो मतदारसंघ डेमोक्रॅटिक पक्षाचा भक्कम गड आहे. त्यामुळे खरी लढत ऑगस्टच्या प्रायमरीतच झाली. तेथे नऊ उमेदवार होते आणि ठाणेदार यांना विजयासाठी सुमारे २८ टक्के मते पुरेशी ठरली. नोव्हेंबरपर्यंत थांबलेल्या मतदाराच्या वाट्याला केवळ औपचारिकता उरली.

नकाशा आणि नियम

अशा सुरक्षित मतदारसंघांमागे बऱ्याच ठिकाणी नकाशाची करामत असते. बहुसंख्य राज्यांत मतदारसंघांच्या सीमा राज्याचे विधिमंडळ, म्हणजे राजकीय पक्षच आखतात. १८१२ मध्ये मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांच्या काळात सॅलमँडर या प्राण्याच्या आकाराचा मतदारसंघ तयार झाला, तेव्हापासून या प्रकाराला 'जेरीमँडरिंग' म्हणतात. पक्षीय लाभासाठी केलेल्या आखणीत संघीय न्यायालये हस्तक्षेप करू शकत नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये दिला. २०२५ मध्ये टेक्सासने जनगणनेची वाट न पाहता नकाशा बदलला, तेव्हा उत्तरादाखल कॅलिफोर्नियाच्या मतदारांनीही नव्या नकाशाला कौल दिला.

ही व्यवस्था बदलण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. १९६९ मध्ये थेट निवडणुकीची घटनादुरुस्ती प्रतिनिधिगृहाने ३३८ विरुद्ध ७० मतांनी संमत केली. परंतु पुढील वर्षी ती सिनेटमध्ये अडकली. घटनादुरुस्तीला दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश बहुमत आणि ५० पैकी ३८ राज्यांची संमती लागते. जुन्या नियमाने ज्यांचे वजन वाढते, ती राज्ये आपणहून ते कमी करून घेतील, अशी शक्यता कमीच. देशात सर्वाधिक मते मिळविणाऱ्यालाच आपले निर्वाचक देण्याचा करार काही राज्यांनी केला आहे. मेरीलँडने २००७ मध्ये त्याची सुरुवात केली. मात्र करारात सामील राज्यांचे निर्वाचक २७० होईपर्यंत तो अमलात येणार नाही.

तोवर अमेरिकी मतदाराची तक्रार अर्धी खरी राहील. अध्यक्षपदापुरते बोलायचे, तर त्याच्या मताचे वजन त्याच्या पत्त्यावर ठरते आणि त्यावर त्याचा इलाज नाही. परंतु मुलाची शाळा, घराचा कर, गावचा शेरीफ आणि मतदारसंघाचा नकाशा यांचा निर्णय त्याच मतपत्रिकेच्या खालच्या ओळींवर होतो. तेथे तो कॅलिफोर्नियात राहतो की वायोमिंगमध्ये, याने फरक पडत नाही. पहिली ओळ व्यर्थ म्हणून जो घरी बसतो, तो या साऱ्या ओळी दुसऱ्याच्या हाती सोपवितो. २००० साली फ्लॉरिडात मत न देणाऱ्या नागरिकांची संख्या लाखांत होती. निकाल लागला तो ५३७ मतांनी.