सिंबल स्टँड कसा निवडायचा? चुकीच्या स्टँडमुळे महागडी सिंबल का तडकते?

नवीन ड्रम किट घेताना सगळं लक्ष ड्रमच्या आवाजावर, रंगावर आणि सिंबलवरच्या नावावर असतं. स्टँड मात्र 'दुकानदार देईल तो' घेतला जातो. मग ऐन कार्यक्रमात क्रॅश सिंबल स्टँडसकट आडवी होते. नाहीतर काही महिन्यांनी तिच्या मधल्या भोकापाशी बारीक चीर दिसते.

ही चीर महागात पडते. चांगल्या सिंबल कांशाच्या असतात. 'बी २०' नावाने ओळखल्या जाणाऱ्या मिश्रधातूत साधारण ८० टक्के तांबं आणि २० टक्के कथील असतं. हा धातू वाजतो सुंदर, पण ठिसूळ असतो. एकदा चीर पडली की डाग देऊन पूर्वीचा आवाज परत येत नाही. म्हणूनच स्टँडची निवड हा सिंबल जपण्याचाही प्रश्न आहे.

स्टँडचे मुख्य प्रकार कोणते?

स्ट्रेट स्टँड: सरळ उभा पाइप आणि टोकाला सिंबल. वजनाने हलका, लावायला सोपा. जागा कमी असेल तर हाच बरा.

बूम स्टँड: यात वरच्या टोकाला आडवी दांडी असते. टॉमच्या मागे स्टँड उभा करून सिंबल पुढे आणता येते.

कन्व्हर्टिबल स्टँड: यातली आडवी दांडी पाइपच्या आत सरकवली की बूमचा स्ट्रेट स्टँड होतो. पहिल्यांदाच किट घेणाऱ्यांसाठी हा सगळ्यात सोयीचा पर्याय, कारण पुढे मांडणी बदलली तरी स्टँड बदलावा लागत नाही.

हाय-हॅट स्टँड: पायाने पेडल दाबलं की दोन सिंबल एकमेकींवर बसतात. डबल बेस पेडल वापरणार असाल, तर दोन पायांचा किंवा पाय फिरवता येणारा स्टँड घ्या. नाहीतर स्टँडचा पाय आणि पेडल एकमेकांच्या आड येतात.

सिंगल ब्रेस की डबल ब्रेस?

स्टँडच्या प्रत्येक पायाला एक पट्टी असेल तर तो सिंगल ब्रेस, दोन समांतर पट्ट्या असतील तर डबल ब्रेस. २० किंवा २२ इंची राइड, मोठी क्रॅश किंवा लांब बूम यांच्यासाठी डबल ब्रेस घेणं शहाणपणाचं.

पण सगळेच स्टँड जड घेतले, तर ती हार्डवेअरची बॅग उचलताना दमछाक होते. रिक्षा किंवा लोकलने तालमीला जाणाऱ्या वादकाने याचा विचार आधीच करावा. १४ ते १६ इंची सिंबलला चांगल्या बनावटीचा सिंगल ब्रेस सहसा पुरतो. पाय जमिनीलगत सपाट पसरणारे फ्लॅट बेस स्टँड त्याहून हलके असतात. जॅझसारख्या हलक्या हाताच्या वादनात ते चालतात, जोरकस रॉकसाठी मात्र कमी पडू शकतात.

स्टँड पडतो का?

बऱ्याचदा दोष मांडणीचा असतो. बूमची दांडी ज्या दिशेला गेली आहे, त्याच दिशेला स्टँडचा एक पाय असायला हवा. सिंबलचं वजन दोन पायांच्या मधल्या रिकाम्या जागेवर आलं, तर जड स्टँडही कलंडतो. पाय पुरेसे पसरा. उंची वाढवताना पाइप शेवटच्या टोकापर्यंत ओढू नका. आतला थोडा भाग आतच राहू द्या.

खरी काळजी भोकापाशी

सिंबल ज्या स्क्रूवर बसते, त्यावर प्लॅस्टिकची छोटी नळी असते. तिला स्लीव्ह म्हणतात. ही नळी हरवली की स्क्रूचे आटे थेट सिंबलला घासतात, भोक लंबगोल होत जातं आणि तिथूनच चीर सुरू होते.

क्रम असा असतो: खाली धातूचा वॉशर, त्यावर स्लीव्ह, मग फेल्ट, सिंबल, पुन्हा फेल्ट आणि शेवटी विंगनट. नट करकचून आवळू नका. काठी बसल्यावर सिंबल मोकळेपणाने झुलली पाहिजे. ती जखडली किंवा फार तिरकी लावली, तर फटक्याचा ताण धातूवरच येतो.

सुटे नट घेताना माप बघा. बाजारात ८ मिमी आणि ६ मिमी असे दोन्ही आटे मिळतात. ते एकमेकांना चालत नाहीत.

क्लॅम्प आणि रॅक कधी घ्यावा?

८ किंवा १० इंची स्प्लॅशसाठी वेगळा स्टँड लागत नाही. आधीच्या स्टँडवर क्लॅम्प आणि छोटी दांडी लावली की काम होतं. सिंबल आणि टॉम खूप असतील तर रॅक सोयीचा. पर्ल कंपनीने १९८० च्या दशकात 'टोटो' बँडचे ड्रमर जेफ पोर्कारो यांच्यासोबत असा रॅक तयार केला आणि ही पद्धत लोकप्रिय झाली. तीन-चार सिंबलच्या किटला मात्र रॅकची गरज नाही.

दुकानात काय तपासाल?

• स्टँड पूर्ण उंच करून हलवून पाहा. सांध्यांत खडखड नको.
• पाइपला मेमरी लॉक आहे का ते बघा. त्यामुळे दर वेळी तीच उंची पटकन मिळते.
• पायाचे रबर घट्ट आहेत का, ते पाहा.
• सेकंडहँड स्टँड असेल, तर प्रत्येक विंगनट फिरवून बघा. आटे गेलेले असतील, तर पाइप वाजवताना खाली सरकतो.
• मुंबई-कोकणाच्या दमट हवेत गंज लवकर चढतो. वाजवून झाल्यावर कोरड्या फडक्याने पुसा.

बजेट कमी असेल, तर राइडसाठी एक दणकट बूम घ्या, बाकीचे स्टँड हलके चालतील. आणि बॅगेत चार जास्तीच्या स्लीव्ह आणि फेल्ट ठेवा. थोडक्या पैशांत मिळणारी ही नळी हजारो रुपयांची सिंबल वाचवते.